मध्येच गळालेली माणसं

प्रिय ठमे,

तुझे सगळे निरोप पोचले. मी फोन उचलत नाही म्हणून तू तुझ्या बाबांकडे माझी चहाडी केलीस, तेही कळलं. बाबांनी अर्थातच मला सांभाळून घेतलं. हल्ली स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात आहे. भाजी करपली की तिला ‘खमंग’ म्हणायचं असा घरात नियम झालाय. माझा उजवा हात बराच वळतो. स्वेटरची बटणं माझी मी लावते, आणि अर्धा दिवस कामावरही जायला लागलेय. स्ट्रोक येऊन गेलेली बाई स्ट्रोकचीच आकडेवारी मांडत बसलीय, यावर ऑफिसात कुणी हसायला धजत नाही. मग मीच विनोद करते, म्हणजे बिचारे मोकळे होतात.

आमचं काम तुला ठाऊक आहेच. शहरात दरवर्षी किती जणांना स्ट्रोक येतो आणि नंतर ते चालण्या-बोलण्यात कितपत सावरतात, हे आम्ही बघतो. दर तपासणीला प्रत्येकाला गुण मिळतात, त्यांच्या सरासरीची एक रेघ निघते. डॉक्टर ती रेघ बघून घरच्यांना सांगतात, इतपत आशा धरा. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीनं परवा दुसऱ्या वर्षाची रेघ काढली. हुशार आहे पोरगी. रेघ अशी झोकात वर गेली होती की सगळे खूश झाले. मला मात्र ती बघून कसंसंच झालं. दुसऱ्या वर्षापर्यंत कितीतरी लोक तपासणीला यायचे बंद होतात. येतात ते ज्यांना कुणी आणून सोडतं, किंवा ज्यांच्याकडे दाखवण्यासारखं काही असतं. बाकीचे गळतात, आणि ते गेल्याचं रेघेवर कुठेच दिसत नाही. उलट ती जास्तच देखणी होते.

ती मुलगी म्हणाली, गळालेल्यांच्या वयाच्या, तेवढ्याच आजाराच्या लोकांच्या गुणांवरून रिकाम्या जागा भरता येतील. येतात, पण न येण्याचं कारण त्यांची तब्येतच असेल तर सगळा हिशेब चुकतो. आणि ते खुर्चीत बसून कळत नाही. मग आम्ही गळालेल्यांतून चिठ्ठ्या टाकून काही जण निवडले आणि त्यांच्या घरी जायचं ठरवलं.

माझ्या वाट्याला एक पोहण्याच्या शिक्षिका आल्या. साठीच्या, उंच, दार उघडताना काठीवर रेललेल्या. मला वाटलं होतं, बाई खचल्या असतील. तर त्या रोज दुपारी, तलाव रिकामा असतो तेव्हा, पाण्यात उतरतात. पाण्यात तोल जात नाही म्हणाल्या. मग तपासणीला का येत नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “तिथल्या लांबलचक व्हरांड्यात चालून दाखवायचं असतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हातपाय बघून चुका काढल्या. माझ्या कुणी काढलेल्या मला सोसत नाहीत.”

मी ते लिहून घेत होते. पुढचं विचारताना एक साधा शब्द मला आठवेना. ‘काठी’ म्हणायचं होतं, आणि मी ‘ते... ते तुमचं’ म्हणत हात हलवत बसले. बाईंनी शांतपणे काठी उचलून दाखवली आणि विचारलं, “तुमची स्वतःची तपासणी कधी आहे?”

पुढच्या आठवड्यात, असं मी ठोकून दिलं. खरं म्हणजे माझ्या आजारपणात येऊन तू परत गेल्यापासून मी एकदाही गेलेले नाही. हात दाखवायला मी आनंदानं गेले असते. पण तिथे चित्रं पुढे ठेवतात आणि नावं विचारतात. कंगवा, कुलूप, चमचा. या नोकरीआधी पंचवीस वर्षं वर्गात उभी राहून बोलले मी, ठमे.

त्या संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी दवाखान्याचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. वेळ माझी मी मागितली. अडखळत, पण मागितली.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. वाचून तुला वाटेल, आई तर ठणठणीत आहे. लिहिताना मला शब्दासाठी थांबता येतं, खोडता येतं. हे पत्र कितीतरी दिवस चाललंय. फोनवर तशी सोय नाही, म्हणून मी तो उचलत नव्हते. तपासणीत घरच्या एका माणसाला विचारतात, आधी बोलणं कसं होतं आणि आता कसं आहे. बाबा मला चांगलेच गुण देतील, त्यांच्या भाजीसारखे. म्हणून मी तुझं नाव दिलंय. तिथल्या बाई तुला फोन करतील. त्याआधी रविवारी मी तुला फोन करीन, चेहरा दिसेल असा. मी अडले की शब्द पुरवू नकोस, तुझ्या डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे. आणि त्या बाईंना जे ऐकलंस तेच सांग, माझी बाजू न घेता.

रविवारी तुझ्यासमोर अडखळणार असलेली,
तुझीच
आई