डावा हात तुझा, उजवा माझा

प्रिय अक्का,

आज दुपारी आई तुझ्या खुर्चीवर बसली. कॉम्प्युटरपुढच्या, डाव्या बाजूच्या. पदर खोचला, चष्मा पुसला, डाव्या हाताची बोटं कीबोर्डवर ठेवली आणि म्हणाली, "दाव आता. अक्काचा हात कुठं असायचा?" मी दाखवलं. मग तिनं एक साधा प्रश्न विचारला आणि मी तिच्याशी खोटं बोललो. म्हणून तुला लिहितोय. दुसऱ्या कुणाला लिहू?

परवा तुला जाऊन वर्ष होतंय. घरी बुद्धवंदना आहे, अहमदपुरातले आपले सगळे येणार आहेत. आईनं वर्षभर एकच हट्ट धरलाय, की तुझं अर्धवट राहिलेलं काहीही शिल्लक ठेवायचं नाही. तू सोडून दिलेला तो मोरपंखी स्वेटर तिनं पुरा केला. एक बाही लांब झालीये, तरी मी घालतो. वाचनालयाचं पुस्तक परत करायच्या आधी तुझी चिठ्ठी होती तिथून पुढं तिनं ते वाचून काढलं, आणि "शेवट काही बरा न्हाई," असं तिथल्या बाईंना सांगून आली. आता राहिला आपला खेळ. तोही परवाच्या आत संपवायचा म्हणते.

आईला तो खेळ समजावून सांगताना माझी काय फजिती झाली म्हणून सांगू! म्हटलं, एक किल्ला आहे, त्यात आपण शिरायचं. आपण स्वतःला दिसत नाही, फक्त आपले हात आणि हातातली मंतरलेली बंदूक दिसते. खोलीमागून खोली, प्रत्येक खोलीत राक्षस, आणि ते चालत येत नाहीत, धावून येतात. मेलो की पुन्हा पहिल्या दारापासून सुरुवात. आणि दर खेपेला किल्ल्यातल्या खोल्यांची जागा बदललेली असते.

"मग मेल्यावर काहीच उरत न्हाई?"

"थोडं उरतं. एखादा मंत्र शिकलेला असेल तर तो पुढच्या खेपेला आपल्याजवळ राहतो."

आईनं वाकून स्क्रीन जवळून बघितला. मग म्हणाली, "एवढ्यासाठी वरडत व्हतात व्हय दोघं?"

ओरडायचो तर खरंच. आठवतं ना? घरात कॉम्प्युटर एक, आणि हा खेळ एकट्यानं खेळायचा. तू दिवसभर सेतू केंद्रावर बसून लोकांचे उत्पन्नाचे नि रहिवाशीचे फॉर्म टाइप करून यायचीस आणि दारातूनच म्हणायचीस, "ऊठ, माझी पाळी." मी काही उठायचो नाही. शेवटी एकदा तू दुसरी खुर्ची ओढलीस, कीबोर्ड आपल्याकडे घेतलास आणि म्हणालीस, "माउस तुझा. चालायचं मी, मारायचं तू."

तिथून आपली ती रीतच पडली. चालणं, उडी, सटकणं तुझ्या डाव्या हाताकडे. बघणं आणि गोळी माझ्या उजव्या हाताकडे. जग हा खेळ दोन हातांनी खेळतं, आपण दोघांत मिळून दोन हात वापरले. माझ्या एका मित्राला सांगितलं तर तो हसला होता, असं कुणी खेळतं का म्हणून. पण टायपिंगच्या परीक्षेत अख्ख्या वर्गात तुझ्या डाव्या हातासारखा हात नव्हता. आणि तुझी ती करंगळी! ती बटणावर टेकायची आणि खेळातला आपला माणूस झटकन बाजूला सटकायचा. मी "डावीकडं" म्हणायच्या आत तू डावीकडे असायचीस. त्या आग ओकणाऱ्या बेडकांच्या खोलीतून आपण एक ओरखडा न येता बाहेर पडलो होतो, त्या दिवशी तू आईला सांगत सुटली होतीस की माझी करंगळी लई तयार झाली.

शेवटच्या दारामागं जो शिंगवाला बसतो, त्याला तू नाव ठेवलं होतंस साहेब. कारण काय, तर तो कधी भेटतच नाही.

मग दिवाळी झाली आणि आपण मरायला लागलो.

पहिल्या खोलीत मरायचो, दुसऱ्या खोलीत मरायचो. मी तुझ्यावर डाफरायचो. "झोपलीस का? सटक म्हटलं की सटकायचं ना." तू म्हणायचीस, "दाबलं होतं रे मी." मी म्हणालो, मग बटण अडकत असेल. आपण दोघांनी कीबोर्ड उलटा करून झटकला, बटणं उपसली, जुन्या ब्रशनं घासली आणि ताटात घालून गच्चीवर वाळत टाकली. आईला वाटलं आपण सांडगे घातलेत. तरी काही फरक पडला नाही म्हणून आपण रविवारी एसटीनं नांदेडला गेलो आणि नवीन कीबोर्ड आणला. परत येताना तू तो खोका मांडीवर घेऊन बसली होतीस, आणि मला खिडकी दिली होतीस. इतकी वर्षं खिडकीवरून भांडलो, त्या दिवशी आपणहून दिलीस. कडेला बसून तुला उजव्या हातानं दांडी धरायची होती, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय.

नव्या कीबोर्डवर पहिल्याच दिवशी बेडकांनी आपल्याला खाल्लं. तेव्हा मी स्क्रीनकडे न बघता तुझ्या हाताकडे बघितलं. करंगळी बटणावरच होती. तू दाबत होतीस. ती दबत नव्हती.

"काय झालं गं हाताला?" मी विचारलं.

"मुंग्या येतात. टायपिंगचं हाय ते, आठवड्यात जाईल. आईला सांगू नको हां. ती लगेच कॉम्प्युटर बंद करंल."

आणि मी म्हणालो, "बरं."

अक्का, किती सहज म्हणालो मी ते. मला तुझ्या हाताची काळजी वाटली नाही असं नाही, पण कॉम्प्युटर बंद होईल याची जास्त वाटली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुलाही नाही.

मग मी हुशारी केली. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन सटकण्याचं काम तुझ्या करंगळीकडून काढलं आणि माझ्या माउसच्या कडेच्या बटणावर, अंगठ्याखाली आणून ठेवलं. म्हटलं, तू फक्त चाल, सटकायचं मी बघतो. आणि जमलं! आपण पुन्हा पुढं जायला लागलो. मला वाटलं, मी उपाय शोधला. थोड्या दिवसांनी तुझा अंगठा उडीला उशीर करायला लागला, तर उडीही मी माउसच्या चाकावर घेतली. संक्रांतीपर्यंत तुझ्याकडे नुसतं चालणं उरलं होतं. तुझा हात एकेक बटण सोडत होता, मी ते उचलत होतो, आणि आपण कधी नव्हे इतके लांब पोचत होतो. मी किती खूश होतो तेव्हा, आठवतं?

तू का नाही गं बोललीस? मी लहान होतो म्हणावं तर तसाही नव्हतो, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पण तू तर मोठी होतीस. केंद्रावर एका हातानं टाइप करत होतीस हे मला नंतर तुझ्याबरोबरच्या मुलीकडून कळलं. तिलाही तू मुंग्याच सांगितल्या होत्यास. राग येतो मला तुझा. मग स्वतःचा येतो, आणि तुझा मागं पडतो.

त्या रविवारी दुपारी आपण साहेबाच्या दाराशी पोचलो. पहिल्यांदा. दार समोर, आपल्याजवळ सगळे मंत्र, आणि तू म्हणालीस, "थांब. हात गेला."

मी काय म्हणालो? "आत्ता? साहेबाच्या दारात?"

तू हसलीस. "दार कुठं पळून चाललंय," म्हणालीस. दाराशी थांबलं की खेळ तेवढा जपून ठेवतो. पुन्हा उघडायला एकदाच मिळतं. उघडून मेलो की त्या खेपेचं सगळं पुसलं जातं. आपण तिथंच बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या डाव्या पायातली चप्पल तुला न कळता निघून मागं राहिली आणि तू अंगणात पडलीस.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हात कधीपासून जड आहे? तू पलंगावर होतीस. आई म्हणाली, "आठ दिवस झाले असतील, डॉक्टरसाब." त्यांनी ते लिहून घेतलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. तीन महिने, असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि डोळे मिटलेस. मला वाचवायला केलंस का ते? मग ते चुकलंच तुझं.

मेंदूत उजव्या बाजूला गाठ होती. उजवीकडची गाठ डावा हात नेते, हे मला त्या दिवशी कळलं. तीन महिने आधी आलो असतो तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. तू होतीस तेव्हा विचारलं नाही, नंतर तुझे कागद आणायला एकटा गेलो तेव्हाही विचारलं नाही. केबिनच्या दारापर्यंत जाऊन परत फिरलो. काही फरक पडला नसता, असं ते म्हणालेही असते कदाचित. पण दुसरं काही म्हणाले असते तर ते घेऊन मी घरी कसा आलो असतो?

आता आजचं सांगतो. आपलं दार तसंच ठेवून मी आईला दुसऱ्या खात्यावर सराव देत होतो. आईचं चालणं म्हणजे भिंतीत तोंड घालून उभं राहणं. दोनदा तिनं राक्षसाकडे पाठ केली आणि मला विचारलं, "गेला का त्यो?" अंगणवाडीतल्या पोरांसारखी बोटं मोजून ती बटणं पाठ करत होती. हे पुढं, हे मागं, हे इकडं, हे तिकडं. मग तिनं करंगळी हलवली.

"आन हिला काय काम?"

"काही नाही."

"असं कसं? अक्का तर म्हणायची, माझी करंगळी लई तयार झाली म्हणून."

"नंतर बदललं आम्ही."

"का बदललं?"

अक्का, वर्षभरात कुणी मला इतकं सरळ विचारलं नव्हतं. सांगायला यापेक्षा सोपी वेळ कुठली आली असती? मी म्हणालो, "मला सोपं जावं म्हणून."

आईनं हात कीबोर्डवरून काढून घेतला. चष्मा काढला, पदरानं पुसला, तसाच हातात ठेवला. भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडेही तिनं बघितलं नाही. मग म्हणाली, "दिवाळीपासनं तिची भाकर एका अंगाला जाड राहायला लागली व्हती. फिरवायची डाव्या हातानं, ते नीट फिरतच नव्हतं. मी तिलाच बोलले. लक्ष कुठं हाय गं तुजं, म्हणून."

एवढं बोलून ती उठली आणि गच्चीवरचे कपडे काढायला गेली. मी खुर्चीतच बसून राहिलो.

दिवाळीपासनं, म्हणाली. दवाखान्यात आठ दिवस म्हणाली होती, तीच आई.

म्हणजे वर्षभर आम्ही दोघं एका घरात, एका ताटात जेवून, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो गं. ती तुझा स्वेटर विणत होती, तुझं पुस्तक वाचत होती, आणि मला वाटायचं हा तिचा वेडा हट्ट आहे. तिला रोज भाकरी थापताना काय होत असेल? आज तिनं मला सांगून बघितलं. दार किलकिलं केलं आणि मी आतून कडी लावली. ती कपडे घेऊन खाली आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते, आणि मी विचारलं काय, तर चहा ठेवू का.

म्हणून तुला शब्द देतो. उद्या दुपारी आम्ही बसणार आहोत. तुझ्या खुर्चीवर आई, माझ्या खुर्चीवर मी. साहेबाचं दार उघडायच्या आधी मी सेटिंगमध्ये जाऊन सगळी बटणं पहिल्यासारखी लावीन, सटकणं पुन्हा करंगळीखाली ठेवीन, आणि ते तिथून का काढलं होतं, कधी काढलं होतं, हे आईला सांगीन. "बरं" म्हणालो होतो, तेही सांगीन. ती मला मारेल, रडेल, काहीही करेल. पण मी आधी बोललो तर तिला बोलता येईल. मग आम्ही दार उघडू. बहुतेक लगेच मरू, आणि तू आणि मी त्या खेपेला जमवलेलं सगळं पुसलं जाईल. जाऊ दे. पुन्हा पहिल्या दारापासून सुरू करू. खोल्या बदललेल्या असतील.

आणि आणखी एक. खेळताना मी मधूनमधून स्क्रीनवरची नजर काढीन आणि आईच्या हाताकडे बघीन. बेडकं खाऊ देत.

तुझ्या उजव्या बाजूला बसलेला,
नितीन