अडतीसचे पंचावन्न

बंगळूर, ५ नोव्हेंबर २००३

तीर्थरूप अण्णांस,
गिरिधरचा सा. न. वि. वि. कंबर धरली आहे, म्हणून साष्टांग तूर्त कागदावरच.

धारवाडहून निघालो तो अकरा तासांत खोलीवर पोचलो. दिवाळीभर तुम्ही माझ्या गाडीला आरामखुर्ची म्हणून हिणवलंत, तर ऐका. सत्तरच्या वेगानं ही आरामखुर्ची दिवसभर कुरकुर न करता चालते. बुटकी सीट, पाय पुढे सोडलेले, पाठ ताठ. नव्वदला मात्र हँडल थरथरतं आणि हाताला मुंग्या येतात. चित्रदुर्गाजवळ समोरून वारा लागला की लॉरीला मागं टाकताना देव आठवतो, आणि खड्ड्याचा दणका थेट मणक्यात बसतो. पावणेदोनशे सीसीचं इंजिन आहे, लांबच्या रस्त्याला चालतं, पण त्याच्या मर्जीनं.

एक नवल सांगतो. एरवी लिटरला अडतीस देणारी गाडी येताना पंचावन्नच्या आसपास गेली. ओढ मात्र कमी वाटली आणि इंजिन फार तापत होतं. नवा चौपदरी रस्ता मानवला असेल.

पद्माच्या साखरपुड्याला तीस तारखेला येतोच, तिची साडी घेऊन. आईस नमस्कार, पद्मीला एक टपली. लोभ आहेच, तो फराळाच्या डब्याआधी संपू नये.
आपला, गिरिधर

धारवाड, ११ नोव्हेंबर

चि. गिरिधरास अनेक आशीर्वाद, कंबरेस थोडे जास्त.

तुझ्या मणक्याचा आईनं धसका घेतला आहे. पंचावन्न दिले हे वाचून बरं वाटलं. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना आजच सांगितलं. हलगेकरांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

पण साखरपुड्याला तू बसनंच ये. मुलाकडची माणसं वेळेची पक्की आहेत, मुहूर्त साडेअकराचा आहे आणि साडी तुझ्याकडे आहे. मुलीचा भाऊ एकच, त्यानं ऐन वेळी रस्त्यात पाना घेऊन बसू नये. तिकीट काढ आणि कळव. बाकी सगळे ठीक.
तुझा, अण्णा

धारवाड, २ डिसेंबर

चि. गिरिधरास आशीर्वाद. रागावलेल्या बापाचे आहेत, चालवून घे.

शेजाऱ्यांच्या फोनवर भांडता येत नाही म्हणून लिहितो. पाहुणे जेवून, पान खाऊन गेले, आणि मग तू कांद्याच्या रिकाम्या लॉरीतून गाडीसकट उतरलास. दुपारचे चार वाजले होते. पद्मा आईची जुनी साडी नेसून पाटावर बसली. मुलाच्या काकांनी दोनदा विचारलं, मुलीचा भाऊ या लग्नावर नाराज आहे की काय. मी पानाचं तबक त्यांच्यापुढे सरकवलं. पद्मा अजून कुणाशी धड बोलत नाही.

बंद पडली तर तिथंच टाकून बस धरायची होतीस. बहिणीपेक्षा तुला ते लोखंड मोठं झालं. मी अंगणात बोललो, आणि तू वाढलेलं ताट सोडून निघून गेलास, ते आईच्या जिवाला लागलं आहे. एवढ्याशा इंजिनाची गाडी लांबच्या रस्त्याची नव्हे, हे मी पहिल्यापासून सांगत होतो. विकून टाक. विकेपर्यंत घरी येऊ नकोस.
अण्णा

बंगळूर, ८ डिसेंबर

ती. अण्णांस सा. न. आईलाही, ताट सोडून आलो त्याबद्दल.

शनिवारी अर्धा दिवस काम करून निघालो. हिरियूरच्या अलीकडे इंजिन एकदम आवळलं आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. पडलो नाही एवढंच. तिथला मेस्त्री आधी आठपर्यंत होईल म्हणाला, मग सकाळी म्हणाला. त्याच्या आशेवर दोन बस सोडल्या. गाडी टाकून यायला मन झालं नाही. ती चूक माझी, पद्माला तसं वेगळं लिहिलं आहे.

पण गाडीची चूक नव्हती. मेस्त्रीनं कार्बोरेटर उघडून दाखवला. ज्या भोकातून इंजिनाला पेट्रोल जातं ते मूळचं जेट काढून कुणीतरी बारीक भोकाचं बसवलं होतं. पेट्रोल पुरेना, इंजिन तापत गेलं आणि पिस्टन जाम झाला. गावात हिंडताना कळत नाही, लांबच्या रस्त्यावर भोवतं. इथल्या गॅरेजवाल्या मुरुगेशशी मी कडाकडा भांडलो. त्यानं मुलांची शपथ घेतली, आणि आता तो माझं तोंड बघत नाही. त्यानं नाही, मी नाही, मग जेट काय आपोआप बदललं? विचार करून डोकं पिकलं.

असो. गाडी लॉरीतूनच परत आणली, आता दुरुस्त झाली आहे, रविवारी एकजण बघायला येतोय. तुमचा शब्द मोडत नाही. पण दोन वर्षं वाट बघून घेतलेली गाडी होती, एवढं ध्यानात असू द्या.
गिरिधर

धारवाड, १२ डिसेंबर

चि. गिरिधर, आशीर्वाद द्यायचा अधिकार आज थोडा कमीच आहे, तरी घे.

गाडी विकू नकोस. तुझ्या ऑफिसात दोनदा फोन लावला, तू बाहेरगावी कामावर आहेस म्हणाले. म्हणून हे पत्र स्वतः पोस्टात टाकून येतो.

जेट मी बदलून घेतलं. दिवाळीत मंडळी अंगणात गाडी बघत होती. हलगेकरांनी विचारलं, किती देते. तू दात घासता घासता अडतीस म्हणालास आणि आत गेलास. त्यांच्या मुलाची सत्तर देते. एवढी लांबलचक गाडी आणि अडतीस, असं म्हणून ते हसले, ते मला झोंबलं. आरामखुर्ची मी म्हणायचं, बाहेरच्यांनी नाही. दुसऱ्या दिवशी तू झोपला होतास, तेव्हा गाडी ढकलत मेहबूब मेस्त्रीकडे नेली आणि तासाभरात जागेवर आणून लावली. तुझं भलं केलं असंच वाटत होतं. परवापर्यंत मला काही कळलंही नव्हतं.

भर अंगणात तुला जे बोललो ते माझ्या पदरात घेतो. घरात सांगितलं. पद्मा हसली, मग रडली. मुलाच्या काकांना उद्या जाऊन सांगतो. मुरुगेशची माझ्या वतीनं माफी माग. आणि पुढच्या खेपेला मला मागं बसवून हिरियूरपर्यंत ने. सत्तरच्या वर जाऊ नकोस.
तुझा, अण्णा

बंगळूर, १७ डिसेंबर

ती. अण्णांस सा. न.

तुमचं पत्र काल आलं. गाडी रविवारीच गेली. तुमच्यावर राग आला, खूप आला, अजून पुरता गेलेला नाही. मुरुगेशला पत्राचा अर्थ सांगितला. त्यानं चहा पाजला, पण स्वतः घेतला नाही.

घेणारा नंजुंडय्या भला माणूस आहे. दर महिन्याला गाडीनं शिमोग्याला घरी जाणार म्हणतो. मी त्याला सगळं समजावलं, सत्तरचा वेग, मध्ये मध्ये थांबणं, समोरचा वारा. त्यानं एकच विचारलं, किती देते. अडतीस म्हटल्यावर तोंड वाकडं केलं. मग स्वतःच म्हणाला, हरकत नाही, गावी वडील आहेत, त्यांच्या ओळखीचा मेस्त्री आहे, ते वाढवून आणतील.

मी सांगून तो ऐकेना. त्याच्या वडिलांचा पत्ता मागून घेतला आहे, मागच्या बाजूला लिहितो. त्यांना एक पत्र तुम्हीच घाला.

लग्नाला चार दिवस आधी येतो, बसनं. लोभ आहे तेवढा राहू द्यावा, वाढवून घेऊ नये, ही विनंती.
आपला, गिरिधर