नानांचं ओलं उपरणं

जळगाव, रविवार संध्याकाळ

आज सासऱ्यांना, नानांना, नव्या इलेक्ट्रिक गाडीतून धुळ्याहून घेऊन आलो. तिथलं चार्जिंग स्टेशन बंद निघालं. गाडी घरी पोचेल की नाही या धास्तीने सबंध रस्ता एसी बंद ठेवला. मे महिन्याचं ऊन, आणि मी नानांना सांगतोय, "मोकळी हवा बरी असते." बरी कसली! नाना उपरण्याने मान पुसत राहिले.

घरी येतो तोच शिरपूरहून धाकट्या साडूचा फोन. "भाऊ, गाडी कशी शे? उद्या मी बी तीच बुक करस."

खरं सांगायचं होतं. पण त्याच्या डिझेल गाडीला मीच चारचौघांत धुराडं म्हणालो होतो. आता कुठल्या तोंडाने सांगू? "एक नंबर," म्हणालो.

समोर नाना उपरणं दोरीवर वाळत घालत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "पाव्हना, त्याले गाडीसंगे एक उपरनं बी लेवाले सांगा."

मी हसलो. ते हसले नाहीत. साडूच्या गाडीतही शेवटी त्यांनाच बसायचंय.

उपरणं अजून ओलंच आहे. फोन हातात घेतो, परत ठेवतो.