नसलेल्या डिस्कचा छळ

१२ मे, सोमवार
सकाळी ग्वारीघाटावर अस्थिविसर्जन. नाववाल्याने नाव नदीच्या मधोमध नेली. ऊन फार होतं. अकराला घरी. आंघोळ, वरणभात. साडेबाराला लॉगिन.

बापूसाहेब शनिवारी गेले. माझे वडील. सगळे त्यांना बापूसाहेब म्हणायचे, मीही. ऑफिसात कळवलेलं नाही, 'पर्सनल काम' म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कळवलं की लोक सांत्वन करतात आणि मीटिंग लांबते. शिवाय मी ठीक आहे. घरात आता शांतता आहे, काम उलट जास्त चांगलं होईल.

संकल्प: २३ तारखेच्या रिलीज मीटिंगपर्यंत डिस्क ड्रायव्हरची तीन दिवसांची सलग टेस्ट क्लीन काढणे.

१३ मे, मंगळवार
टेस्ट सकाळी सुरू केली, चहा होईपर्यंत फेल.

टेस्टचं मशीन बापूसाहेबांच्या खोलीत हलवलं. तिथे खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांचा कूलर आहे आणि मशीनला थंडावा लागतो. रोज सकाळी टाकी मीच भरतो. तेराव्यापर्यंत गावातल्याच सराफ्यातून बेबीआत्या राहायला आली आहे, बापूसाहेबांची धाकटी बहीण. म्हणाली, काहून रे आलोक, मशीनला खसचा वारा अन् आम्ही पंख्याखाली? मी म्हटलं, टेक्निकल कारण आहे. सुतकात कॉम्प्युटर चालतो का, असंही तिने विचारलं. मी म्हटलं, कॉम्प्युटरला हात लावत नाही, फक्त कीबोर्डला लावतो. 

१५ मे, गुरुवार
फेल. पण आता दोष कुठे आहे ते कळलं.

बापूसाहेबांना माझं काम कधी पटलं नाही. एकदा समजावून सांगितलं होतं. डिस्क खरी नसते, पण ती आहे असं सिस्टिमला वाटायला लावणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. माझं काम त्याला छळायचं. एका दमात हजारो मागण्या करायच्या, मेमरी आवळायची, चालू काम असताना डिस्क काढून घ्यायची, आणि तरी सिस्टिम उभी राहते का ते बघायचं. ते म्हणाले होते, म्हणजे नसलेल्या वस्तूला छळायचा पगार मिळतो तुला? चांगलं आहे. आम्हाला रेल्वेत असलेल्या वस्तू सांभाळून मिळायचा.

छळाचे बाकी सगळे प्रकार पास होत आहेत. शेवटचा, डिस्क काढून घेण्याचा, तेवढा होत नाही. डिस्क काढली की सिस्टिम अडकते आणि सारखं छापते: डिस्क मोकळी होण्याची वाट पाहत आहे. धरणारे: १.

म्हणजे डिस्क गेल्यावरही कोणीतरी ती धरून ठेवली आहे. हा ड्रायव्हरचाच दोष. ड्रायव्हर पुण्याच्या ऋचाचा. नवीन मुलगी आहे, आठ महिने खपून लिहिलाय. तिला कडक मेल टाकला. भावना बाजूला ठेवून लिहायला हे दिवस चांगले आहेत.

१६ मे, शुक्रवार
ऋचाचं उत्तर: सर, माझ्या मशीनवर असं होत नाहीये.

हे सगळेच म्हणतात. मी पुरावा पाठवला. टेस्टवर नजर ठेवायला माझा एक छोटा प्रोग्रॅम आहे. गेल्या महिन्यात हॉस्पिटलात बापूसाहेबांच्या पलंगाशेजारी बसून लिहिला. दर सेकंदाला डिस्कवरून थोडं वाचतो आणि पडद्यावर 'आहे' असं छापतो. नावही तेच दिलंय. मशीन चालू झालं की तो आपोआप चालू होतो; तेव्हापासून मी एकदाही बंद केलेला नाही. डिस्क काढून घेतली तरी तो 'आहे, आहे' छापतच राहतो. ड्रायव्हर डिस्क सोडत नाही याचा यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे?

मॅनेजर योगेंद्रजींना कॉपी ठेवली. त्यांचा फोन आला. २३ला क्लीन रन नसेल तर ड्रायव्हर रिलीजमधून काढणार, आणि ऋचाला दुसऱ्या टीममध्ये, सपोर्टला. म्हणाले, आपकी रिपोर्ट पे है सब. मी म्हटलं, रिपोर्ट निष्पक्ष असेल.

१९ मे, सोमवार
दहावा. घाटावर क्षौर केलं, मग पिंड. कावळा समोरच्या झाडावर बसून होता, खाली येईना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल त्यांची, बोला. आत्या हात जोडून सुरू झाली. बापू, आलोकचं लग्न करून देऊ. (मी बेचाळीस वर्षांचा आहे. मला विचारलं नाही.) कावळा हलेना. बापू, आलोक वेळेवर जेवंल. नाही. बापू, मी पाहीन न त्याच्याकडे, तू फिकर नको करू. कावळ्याने मान वळवली आणि पलीकडच्या कुटुंबाच्या पिंडाकडे गेला. आत्या मला म्हणाली, तू बोल न काही, मुका झाला का? मी म्हटलं, त्यांची काही इच्छा नव्हती. तरी बोल, म्हणाली. मी हात जोडले, तेवढंच.

ऊन चढायला लागलं. शेवटी गुरुजी म्हणाले, चलो, हरकत नाही, दर्भाचा करू. दर्भाचा कावळा वळला, पिंडाला टेकवला. स्पर्श झाला असं धरलं.

व्हर्च्युअल डिव्हाइस, माझ्या नसलेल्या डिस्कसारखा. पहिल्या फटक्यात पास. आपल्या लोकांना हे तंत्र किती आधी माहीत होतं.

२० मे, मंगळवार
मीटिंग. योगेंद्रजी म्हणाले, सिरियस मॅटर है, सब लोग कॅमेरा ऑन. मी डोक्याचं विसरलो होतो.

 योगेंद्रजी म्हणाले, अरे आलोकजी! तिरुपती हो आए क्या?

मी हो म्हटलं. याने विषय मिटला, वेळ वाचला. फक्त सगळ्यांना लाडू हवे आहेत. ऋचासुद्धा म्हणाली, सर, ड्रायव्हरवरून ओरडा, पण लाडू आणा. संकल्प: लाडवांची व्यवस्था.

दुपारी फेल. धरणारे: १.

२२ मे, गुरुवार
तेरावा. सराफ्यातले, पाटनचे, रेल्वेतले लोक. गोडाचं जेवण, बुंदीचे लाडू. सगळे म्हणाले, आलोक खंबीर आहे. आत्या म्हणाली, खंबीर नाही, बंद पडून राहिला आहे. काम करून दमल्यावर ती असं बोलते.

संध्याकाळी मशीन बैठकीच्या खोलीत आणून ठेवलं. उद्या मीटिंगमध्ये पुरावा लाइव्ह दाखवायचा आहे. ऋचाने काल पुन्हा लिहिलं, सर, मला एकदा तुमच्या मशीनवर बघू द्या. नकार दिला. टेस्टच्या वातावरणात बाहेरचा हस्तक्षेप नको.

२३ मे, शुक्रवार
अकराला मीटिंग. मी पडदा दाखवला. डिस्क काढली. 'आहे, आहे, आहे.' योगेंद्रजी गंभीर. ऋचाचा आवाज बारीक झाला होता. योगेंद्रजींनी विचारलं, तो फिर, आलोकजी, ड्रॉप करें? मी तोंड उघडलं, तेवढ्यात आत्या डबा घेऊन थेट मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, हे तुझे ऑफिसवाले परवा लाडू मागून राहिले होते न? बापूच्या तेराव्याचे उरले आहेत, पाठवून दे.

योगेंद्रजींना मराठी येत नाही, पण तेवढं समजलं. तेरहवीं? किसकी?

आत्या लॅपटॉपशी वाकून म्हणाली, इसके बाप की, और किसकी! आपको बताया नहीं इसने? मग मला म्हणाली, काहून रे, ह्यांना सांगितलं नाही तू?

मी म्हटलं, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, आणि कॉल बंद केला.

निर्णय सोमवारवर गेला. माझं प्रेझेंटेशन अपूर्ण राहिलं, एवढंच वाईट वाटतं.

२४ मे, शनिवार
मेसेज येत आहेत. सगळ्यांना एकच उत्तर: धन्यवाद, मी ठीक आहे. योगेंद्रजींनी रजा दिली, मी नाकारली. ऋचाने सांत्वनाचं एक वाक्य लिहिलं आणि खाली पुन्हा तेच: सर, मशीनवर लॉगिन मिळेल का?

दिलं. तिची चूक तिलाच सापडू दे.

२५ मे, रविवार
आत्या सराफ्यात परत गेली. ऑटोत बसता बसता म्हणाली, त्या खोलीतला कूलर आता भरत नको जाऊ. तिथे कोण झोपून राहिलं? मी म्हटलं, मशीन आहे. ती म्हणाली, मशीन तर गुरुवारपासून बैठकीत आहे, आलोक.

हे खरं आहे. सकाळीच टाकी भरली होती, सवयीने. संकल्प: मशीन परत खोलीत नेणे.

नेलं नाही.

२६ मे, सोमवार
सकाळी ऋचाचा मेसेज. फक्त मला, ग्रुपवर नाही.

"सर, मशीनवर 'आहे' नावाचा प्रोग्रॅम चालू आहे. डिस्क त्याने उघडली आणि सोडलेलीच नाही. धरणारा तोच आहे. मी बंद केला नाही. तुम्ही कराल, की मी करू?"

लिहिलं, मी करतो.

मग कपडे भिजवले. किराणा आणला. दूधवाल्याला एक पिशवी कमी करायला सांगितलं, हे राहिलं होतं. जेवलो. तो तसाच छापत होता. दुपारी खुर्ची ओढून समोर बसलो आणि बंद केला. शेवटची ओळ 'आहे' हीच आहे.

सिस्टिमने डिस्क लगेच सोडली. धरणारे: ०.

योगेंद्रजींना रिपोर्ट पाठवला: ड्रायव्हरमध्ये दोष नाही. टेस्टच्या बाजूने निरीक्षणाची एक किरकोळ अडचण होती, ती दूर केली आहे. 'किरकोळ' हा शब्द काढला. पुन्हा घातला. पुन्हा काढून पाठवला. तीन दिवसांची टेस्ट सुरू केली.

२९ मे, गुरुवार
टेस्ट क्लीन. ड्रायव्हर रिलीजमध्ये गेला. ग्रुपवर सगळ्यांनी ऋचाचं अभिनंदन केलं. तिने लिहिलं, आलोकसरांनी नीट छळलं म्हणून झालं. मला वेगळा मेसेज: सर, लाडू पाठवणार होतात.

डबा उघडून बघितला. रिकामा होता. रात्री एकेक करून मीच खाल्ले असणार, घरात दुसरं कोणी नाही. तिला लिहिलं, संपले, आणि माझ्या वडिलांना सगळे बापूसाहेब म्हणायचे.

संध्याकाळी त्यांच्या खोलीत गेलो. कूलर बंद केला. टाकीत पाणी बरंच होतं. निचऱ्याचं बूच गंजून बसलं होतं, फिरेना, म्हणून मगाने बादलीत काढलं आणि मागच्या मोगऱ्याला घातलं. तळाला गाळ होता, तो फडक्याने पुसला. खसच्या ताट्या सोडवून भिंतीला उभ्या केल्या, सुकायला.