उजव्या रकान्यातली नावं

शनिवार, ७ जून. वासिलिकी बंदर

नवी नोकरी सुरू झाली! चौदा मीटरची मोटरयॉट, नाव ‘ग्लारोस’, आणि मी तिची स्वयंपाकीण. स्वयंपाकघर एवढंसं, की वळायचं तर आधी ओव्हनची परवानगी काढावी लागते. कप्तान येरासिमोस म्हणाले की आधीची बाई बारीक होती, तिची कधी तक्रार नव्हती. मी म्हटलं, स्वतःच्या हातचं खाऊन झाली असेल बारीक. हसले. जमेल आमचं.

आठवडाभरासाठी बोट घेतली आहे ती लांब्रोस आणि इवान्थिया यांनी. दोघं लारिसा गावचे निवृत्त मास्तर-मास्तरीण. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून बेटं बघायची हौस. टोपीवरून भांडतात, चष्म्यावरून भांडतात आणि भांडता भांडता एकमेकांच्या ताटातलं उचलून खातात.

आज मृतात्म्यांचा शनिवार, चर्चमध्ये गेलेल्यांची नावं वाचून प्रार्थना करतात तो. चर्चला जाण्याआधी पाद्रीबाबा थानासिस धक्क्यावर आले आणि तुळशीच्या जुडीनं बोटीवर पाणी शिंपडून गेले. प्रार्थनेत वाचायच्या नावांची चिठ्ठी मी घाईघाईनं त्यांच्या हाती दिली. आधी माझा नवरा फोतिस, देव त्याला शांती देवो. मग लांब्रोस, इवान्थिया, कप्तान आणि मी, स्तामातिया. जागा उरली म्हणून शेवटी माझ्या लेकीचं, मिर्सिनीचं नाव. पात्रा शहरातल्या दवाखान्यात नर्स आहे पोरगी, उभ्याउभ्या जेवते. तिलाही आशीर्वाद मिळू दे.

रविवार, ८ जून. मेगानिसी

भात भरून टोमॅटो केले होते. लांब्रोस म्हणाले मीठ नाही. घातलं. तरी नाही म्हणाले. लिंबाची फोड सालासकट चावून खाल्ली, चेहरा हलला नाही. इवान्थियाबाईंनी टोमणा मारला की चाळीस वर्षं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवून जीभ झिजली असेल.

दुपारी लांब्रोस शेगडीवर हात टेकून उभे राहिले. कातडी भाजल्याचा वास आला तेव्हा मी ओरडले. त्यांनी तळव्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं की हात काढू का.

संध्याकाळी खानावळीत आम्ही चौघं बसलो. पोऱ्यानं तीनच ताटल्या मांडल्या. कप्तान म्हणाले, ह्याला परत पहिलीत घाला. सगळे हसले. लांब्रोस हसले नाहीत.

सोमवार, ९ जून. कालामोस

सकाळी कप्तानांना पाद्रीबाबांच्या बायकोचा फोन आला. रडत होती बिचारी. एका चिठ्ठीत सहा माणसं, बोट बुडाली की काय, आणि फोन उचलतंय कोण? कप्तान हसून हसून लाल झाले. म्हणाले, बाई, वरूनच बोलतोय, इथंही वाईन बरी मिळते.

मला हसू आलं नाही. त्या चिठ्ठीला दोन रकाने असतात. डावा जिवंतांचा, उजवा, क्रुसाखालचा, मेलेल्यांचा. फोतिस गेल्यापासून वर्षभर मी दर रविवारी उजवीकडेच लिहीत आले. हाताला वळण पडलं. शनिवारी सगळी नावं उजवीकडेच लिहिली, आणि भरल्या चर्चमध्ये आमच्यासाठी मेलेल्यांची प्रार्थना म्हटली गेली.

फोन मी घेतला. ती म्हणाली की तिच्या आजीच्या गावात एकदा असं झालं होतं. ज्या हातानं लिहिलं त्याच हातानं, चर्चमध्ये येऊन, डावीकडे पुन्हा लिहायचं. फोनवर सांगून चालत नाही. मी कप्तानांना परत फिरा म्हटलं. ते म्हणाले की पाहुणे शनिवारपर्यंत आहेत, आणि बायकांच्या डाव्या-उजव्यावर मी बोट वळवत नसतो.

मंगळवार, १० जून. कास्तोस

इवान्थियाबाई भांडत नाहीत. नवऱ्याची टोपी वाऱ्यानं पाण्यात गेली, दोघांपैकी कुणी पाहिलंसुद्धा नाही. समोरासमोर बसून आहेत. भरली ताटं तशीच उचलली.

चिठ्ठीतल्या क्रमानं चाललंय. आता कप्तान. मग मी. मग मिर्सिनी.

मिर्सिनीला फोन केला. कँटीनची मसूर आज खारट होती म्हणून वैतागली होती. मला रडूच आलं, आनंदानं. तिला वाटलं मला नोकरी झेपत नाहीये.

बुधवार, ११ जून

कप्तानांनी धक्क्यावर दोर टाकला. कुणी झेलला नाही. दोनदा टाकला. माणसं समोर उभी होती — बघतच नव्हती. कप्तानांनी शिवी दिली नाही.

वासिलिकीला चला म्हटलं. का, ते न विचारता चाक फिरवलं. बस म्हटलं की बसतात. थांबवलं नसतं तर खडकावरही —

कॉफी चार वेळा चाखली. कडू आहे. आहे बहुतेक. मिर्सिनीसाठी जीव तुटतोय अजून. तेवढं आहे तोवर —

गुरुवार, १२ जून. चर्चचं अंगण, दुपार

धावत आले. गुडघा फुटला वाटतं. रक्त आहे.

पाद्रीबाबांची बायको अंगण झाडतेय. हाक मारली. तिनं माझ्या पायांवरून झाडू फिरवला आणि पुढं गेली.

टोपलीतून कोरी चिठ्ठी घेतली. डावीकडे लिहिलं — लांब्रोस. इवान्थिया. येरासिमोस. स्तामातिया.

एक ओळ उरली आहे.

फोन वाजतोय. मिर्सिनी, असं दिसतंय त्यावर. मग निरोप आला. आई, मला कसंतरी होतंय, काहीच वाटत नाहीये, फोन उचल ना.

वाचला.

पेन्सिल हातात आहे. उरलेल्या ओळीत काहीतरी लिहायचं होतं. त्यासाठीच आले होते, एवढं माहीत आहे. फार घाई होती मला.

बरं ऊन आहे. फोन पुन्हा वाजतोय — कुणाची तरी लेक