भिंतीवरच्या बाईचं कुंकू

आई, परवा मी पाचगणीला तुझ्या सिस्टरांच्या चर्चमध्ये जाऊन आले. आता त्याला चर्च म्हणायचं नाही म्हणे. शाळा बंद पडली, सिस्टर गेल्या, प्रार्थना कधीच थांबली. बाकं हलवली, वेदी हलवली, दारावरचा क्रूससुद्धा रीतसर उतरवून नेला. राहिली ती भिंतीवरची चित्रं, आणि तेवढ्यासाठीच ती इमारत जपून ठेवलीय. दाराशी पाटी आहे: चपला बाहेर काढा, भिंतीला हात लावू नका. मला हसूच आलं. तू त्या दारातून जन्मात कधी चपला घालून आत गेली नाहीस, आणि भिंतीला हात लावण्यावरून तर आपल्या तोंडचा घास जायची वेळ आली होती.

लेक गाडी चालवत होती. पसरणीचा घाट चढताना म्हणाली, "आई, बरं वाटत नाहीये का तुला? केव्हाची मूठ आवळून बसलीयस." मी म्हटलं, "वळण बघ समोरचं, माझी मूठ नको बघूस." तिला काही माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. तूच बजावलं होतंस ना, "जीव गेला तरी कुनापाशी बोलायचं न्हाई." नाही बोलले. ह्यांच्याशी इतकी वर्षं संसार केला, पण त्यांच्यापाशीही नाही. ते गेले आणि सांगायचं राहूनच गेलं.

समोरच्या भिंतीवर ती बाई तशीच बसलेली होती. डोक्यावरून निळा पदर, मांडीवर बाळ, शेजारी तिचा सुतार नवरा हातात रंधा घेऊन उभा. चित्र काढणाऱ्यानं नाकडोळे आपल्याकडचे काढलेत, मागं डोंगरसुद्धा टेबललँडचा. आणि तिच्या कपाळावर मधोमध तो लाल डाग. विटलेला, काळपटलेला, पण होता. पुढ्यात बांबूची परांची बांधलेली, आणि वर पुण्याची एक पोरगी काडीला कापूस गुंडाळून चित्र साफ करत होती. पाय झाले होते, बाळ झालं होतं, हनुवटीपर्यंत रंग कसे लख्ख उजळले होते. खाली उभ्या असलेल्या चार-दोन पाहुण्यांना ती सांगत होती, "आता चेहरा घेणार. कपाळावरचा हा डाग मूळ चित्रातला नाही, नंतर कुणीतरी लावलाय. तोही निघेल."

तुला ते दिवस आठवायला नकोत, पण मला आठवतात त्याला काय करू? बाबा पलटणीत, तू सिस्टरांच्या स्वयंपाकघरात, आणि त्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत आपण दोघी. तार आली तेव्हा तू मुलींच्या चपात्यांची कणीक मळत होतीस. मग रहिमतपूरजवळचं आपलं गाव, भरलेलं घर, आणि बायकांनी तुला मधे बसवून केलेलं ते सगळं. मी दाराआडून बघितलं. चुलतीनं ओल्या फडक्यानं तुझं कपाळ पुसलं, आणि पुसून झाल्यावर परत पुसलं, जणू काही राहिलंच असेल. तेरावा झाला आणि तू मला घेऊन परत कामावर आलीस, कारण पोटाला तेरावा नसतो.

त्या शुक्रवारी आपण चर्च झाडतोय. तू झाडू टेकवून त्या बाईसमोर उभी आहेस. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलतेस. "बघ की गं. नवरा शेजारी धडधाकट हुबा हाय, मांडीवर पोर हाय, आन् बाईचं कपाळ मोकळं! सवाष्णीनं असं ऱ्हावं व्हय?" मी म्हणते, ती देव आहे, सिस्टर म्हणाल्या. "देव आसली म्हनून काय झालं? अंबाबाई देवच हाय न्हवं? तिला लावत्यात का न्हाई?" आणि तू कमरेच्या पिशवीतून तुझा करंडा काढतेस. तो तू गावात टाकून आलीस असं सगळ्यांना वाटत होतं. "मला लावता येत न्हाई आता. माझा हात लागला तर हिचं वाईट व्हईल. तू लाव." तू बाकावर चढून मला उचलून धरतेस. आधी मेण, मग त्यावर कुंकू, आपल्याकडं लावतात तसं. खाली उतरल्यावर तू तिच्याकडं अशी बघत राहतेस की मला भीती वाटते.

मदरच्या, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या वरची ती, तिच्या नजरेतून ते सुटणार थोडंच! तिनं माळी, धोबीण, तू, सगळ्यांना त्या भिंतीपुढं उभं केलं. "कोण केला हे? सांगा. तो आज घरी जाईल." धोबीण माझ्याकडं बघत होती. माझं बोट लाल होतं आणि मी ते फ्रॉकच्या मागं धरलं होतं. तू पुढं झालीस, माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "माझं बोट तिला लागलं न्हाई, आन् जल्मात लागायचं न्हाई. लागलं तर ही लेक मला जिती दिसायची न्हाई." तुझा हात जड होता, आई. मदरनं आपल्या दोघींकडं बघितलं आणि माळ्याला पुसायला सांगितलं. त्यानं पुसलं, पण लाल डाग थोडा राहिलाच. पुढं थोड्याच दिवसांत तू मला शाळेसाठी सांगलीला मामाकडं धाडलंस. मोठी झाल्यावर मला त्या शपथेचं केवढं कौतुक वाटायचं! माझी आई वकिलाच्या वरताण, शब्दाला शब्द खरा ठेवून नोकरी वाचवली.

तर परवा ती पोरगी कापूस बाटलीत बुडवत होती आणि मी खाली उभी राहून जळत होते. बोलावं तर तुझा शब्द मोडतो. गप्प बसावं तर तुझं कुंकू माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा पुसलं जातं. लेक म्हणाली, "चल, गर्दी व्हायच्या आत जेवून घेऊ." पोरीनं काडी कपाळाजवळ नेली आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, "ए बाई, थांब! हात लावू नकोस तिला!" एवढ्या मोठ्यांदा, की सगळे माझ्याकडं वळले. लेकीनं माझं कोपर धरलं. पण आता बूच उडालंच होतं. सगळं सांगितलं. तार, करंडा, मदर, शपथ, एकूण एक. लेक तोंडावर हात ठेवून ऐकत होती.

पोरगी हसली नाही. तिनं विचारलं, "मावशी, वर चढता येईल?" न यायला काय झालं! चढले. तिनं एका बाजूनं बॅटरी धरली. म्हणाली, "तुम्ही एकदाच लावलं म्हणता. पण बघा ना. हे मेण, त्यावर कुंकू. मग मेणबत्त्यांची काजळी. त्यावर परत मेण, परत कुंकू, परत काजळी. कुणीतरी वर्षानुवर्षं लावत होतं. आणि ठसे मोठ्या माणसाचे आहेत, लहान मुलाचं बोट कुठंच नाही." तिनं भिंग माझ्या हातात दिलं. मेणात उमटलेल्या बोटाच्या टोकाला आडवी चीर होती. विळीवर कापलेलं ते तुझं बोट मी ओळखणार नाही होय?

आई! माझ्या डोक्यावर हात ठेवून! माझ्या जिवावर उदार झालीस की गं! परांचीवर उभ्या उभ्या मला तुझा असा राग आला की तू समोर असतीस तर भांडले असते कडाकडा. आणि मग आठवलं. सांगलीत मी तापानं फणफणले होते, मामाच्या निरोपासरशी तू पाचगणीहून धावत आलीस, माझ्या उशाशी बसून "चुकलं गं माझं, चुकलं" एवढंच घोकत राहिलीस. मला वाटायचं, मला दूर धाडलं म्हणून रडतेस. तू तर शपथ मोडून आली होतीस आणि लेक जाते की राहते ते बघत बसली होतीस. मी बरी झाले. तू परत पाचगणीला गेलीस आणि परत लावलंस. थर खोटं कशाला बोलतील? मदरलाही ते दिसलंच असणार. तिनं पुन्हा कुणाला ओळीत उभं केलं नाही, यावरूनच कळतं. मी तिला उगाच इतकी वर्षं शिव्या घातल्या.

आणि मी बघ, साठी उलटून गेली, अजून ठणठणीत आहे.

काल त्या पोरीचा फोन आला. त्यांच्या वरिष्ठांशी बोलणं झालं. डाग आता त्या चित्राचाच भाग धरायचा, त्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. "मावशी, तुम्ही ओरडला नसतात तर गेलं होतं," असंही म्हणाली. मला दिवसभर कसं भरून येत होतं. तुझा शब्द मोडल्याचं काही वाटलं नाही, हे आपलं सांगून ठेवते. दोघींनीही मोडला, फिटंफाट.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं म्हणा. कपाटात साडीखाली ठेवीन झालं. पण एक राहिलंच. आज सकाळी शेजारीण संध्याकाळच्या हळदीकुंकवाला बोलवायला आली होती. चांगली आहे बिचारी. म्हणाली, "काकू, आमच्याकडं तसलं काही पाळत नाहीत. तुम्ही यायचं, आणि माझ्या सुनेला पहिलं कुंकू तुम्ही लावायचं." मी म्हटलं, गुडघे दुखतात गं, जिना उतरवत नाही. गुडघ्यांना काय धाड भरलीय! तिच्या सुनेला दिवस गेलेत, आई. माझा हात लागायला नको, असं वाटलं मला.