सांचीजवळ टाळी वाजवू नये

बौद्धवाडी, ता. महाड
बुधवार, दुपार

आदरणीय आक्का,
धाकट्या भावजयीचा सप्रेम जय भीम.

तुमचे गुडघे कसे आहेत? मागे दिलेलं तेल लावता, की फळीवर ठेवून त्याच्याकडे नुसतं बघता? कानाचं मशीन शिटी वाजवतं म्हणून तुम्ही ते सुपारीच्या डबीत ठेवून दिलंय असं कळलं. म्हणूनच फोन न करता पत्र लिहिते आहे. फोनवर तुमच्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि आजचा विषय शी-शूचा आहे. तो मी इथून ओरडून सांगितला, तर तुम्ही सोडून महाडपासून उमरठपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल. चष्मा लावून स्वतःच वाचा. तुमच्या हृतिककडून वाचून घेऊ नका. नातू गुणी आहे, पण त्याच्या हातात पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या भावकीच्या मोबाईलवर असते. आणि आणखी एक. तुम्हाला हसू आलं की तुम्ही जोरात टाळी वाजवता, समोर कुणी नसलं तरी वाजवता. हे पत्र वाचताना खुशाल वाजवा. पण सांची जवळ असेल तेव्हा टाळी वाजवायची नाही. का, ते पुढे येईलच.

मार्चमध्ये अश्वजित आणि सेजल चवदार तळ्यावर आले होते, तेव्हा जाताना सांचीला माझ्याकडे ठेवून गेले हे तुम्हाला ठाऊक आहे. जूनमध्ये तिला कळव्याच्या एका शाळेत घालायचंय. (पोर अडीच वर्षांची. शाळा म्हणजे तिथे नुसतं खेळायचं असतं. खेळायला शाळा कशाला, हे मी विचारलं नाही. सासू झाल्यावर काय विचारायचं नाही ते मी लवकर शिकले.) त्या शाळेची अट एकच, मूल डायपरशिवाय आलं पाहिजे. सेजलला रजा नाही आणि अश्वजितला धीर नाही, म्हणून एक नात, डायपरची दोन गाठोडी आणि बदकाच्या आकाराचं पिवळं प्लॅस्टिकचं भांडं एवढं सामान माझ्या ओटीवर उतरलं. सूनबाई जाताना म्हणाली, "आई, तिला नुसतं शिकवा, बाकी काही नको." जणू काही मी अश्वजितला डायपरात वाढवून कळव्याला पाठवला होता.

भांड्याचं खोकं मी आधी नीट वाचून काढलं. छापलेलं दिसलं की मला वाचल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या भावाने आणलेल्या सिमेंटच्या रिकाम्या गोणींवरची अक्षरं लावत लावत मी वाचायला शिकले. आयुष्यात मी पहिलं वाक्य वाचलं ते "हूक वापरू नये". त्यानंतर महाडच्या वाचनालयातली दोन कपाटं वाचून झाली, पण इतकं स्पष्ट कुणी लिहिलेलं आढळलं नाही. तर या खोक्यावर भांडं कसं धुवावं, आगीजवळ का नेऊ नये, हे सगळं होतं. पोराला त्यावर बसवावं कसं, तेवढं सोडून सगळं होतं.

सांचीने बदक बघितलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याला भात भरवला आणि कोपऱ्यात जाऊन उभ्या उभ्या मोकळी झाली. असं बरेच दिवस चाललं. मी बसवलं की उठायची. धरून बसवलं तर असा गळा काढायची की समोरची चंद्राबाई काठी घेऊन धावत यायची, तिला वाटायचं घरात विंचू निघाला. त्यात माझ्या तांबड्या कोंबडीला ते बदक पसंत पडलं. एका दुपारी बघते तर कोंबडी त्यात ऐसपैस बसलेली, सांची समोर उकिडवी बसून तिच्या तोंडाकडे बघतेय, आणि कोंबडी उठली तर भांड्यात अंडं. आक्का, पोरीच्या डोक्यात असा उजेड पडलेला मी कधी पाहिला नव्हता. तिने कोंबडीला हाकलली, चड्डी काढली आणि स्वतःहून बदकावर जाऊन बसली. बराच वेळ बसली. जे व्हायचं ते झालं. मग उठली, वळून भांड्यात बघितलं आणि तिचा चेहराच पडला.

"आजी, अंडं नाय," म्हणाली आणि रडायला लागली.

(कळव्याची बोली एका आठवड्यात विसरली होती.)

आता अंडं मी कुठून आणणार? चंद्राबाई दारातच होती. ती म्हणाली, "पोर हिरमुसलीय गो. अंडं नाय तर नाय, टाळ्या तरी वाजवू." आम्ही दोघींनी वाजवल्या. सांची रडायची थांबली. सेजलनेही फोनवर एक व्हिडिओ पाठवला होता, त्यातली बाईसुद्धा मुलाचं कौतुक करा, टाळ्या वाजवा असंच सांगत होती, तेव्हा मला वाटलं आपण अगदी शास्त्राला धरून चाललोय. पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. आपली वाडी तुम्ही ओळखता. भाषण ऐकायची आणि दाद द्यायची सवय आपल्याला तीन पिढ्यांची. सकाळी सांची बदकावर बसली की नळावरच्या बाया कळश्या खाली ठेवून थांबायच्या, रामजीभाऊजी दात घासायचे थांबायचे, चंद्राबाईचा प्रवीण रिक्षा चालू ठेवून थांबायचा (पेट्रोल जळायचं ते वेगळं), आणि झालं की सगळे मिळून टाळ्या. सांची उठून चहूकडे हात जोडून जय भीम करायची. निवडून आलेला माणूसही इतक्या अदबीने करत नाही.

आता मध्येच फरशीचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. विहाराला लागून जे सभागृह आहे, त्याची फरशी तुमच्या भावाने श्रमदानात घातली. उतार दाराकडे हवा होता, तो भिंतीकडे गेला. हे रामजीभाऊजी पहिल्या दिवसापासून सांगत आले. दोघेही गवंडी, त्यामुळे हा वाद कधी जुना झाला नाही. रामजीभाऊजी म्हणायचे, "महादू, उतार उलटा पडला रे." आणि हे न चुकता उत्तर द्यायचे, "उतार बरोबर हाय. दार चुकीच्या जागी हाय." हे गेल्यापासून दर पौर्णिमेआधी सभागृह मीच धुते. दुसरं कुणी धुवायला आलं तर खराटा काढून घेते. पाणी चढावर दाराकडे लोटत न्यायला कंबर मोडते, पण कुणी बघायच्या आत फरशी कोरडी झालेली असते. माणूस गेला तरी त्याच्या कामाला नाव ठेवू द्यायचं नाही, एवढंच माझ्या हातात राहिलंय.

बुद्धपौर्णिमेला सभागृहात कार्यक्रम झाला. कमिटीने ठरवलं होतं की फरशीचं काम केलं म्हणून महादूच्या मागे त्याच्या पत्नीचा शाल देऊन सत्कार करायचा. तुम्हाला यायला जमलं नाही. एका अर्थी बरं झालं. पाहुणे म्हणून महाडहून एक निवृत्त साहेब आले होते, पांढरा सदरा, पांढरी विजार, बूट बाहेर काढून पांढरेशुभ्र मोजे. खुर्च्या भिंतीकडे मांडल्या होत्या. मी दाराजवळ बायकांत, सांची माझ्या मांडीवर. डायपर घातला नव्हता. (मला वाटलं, सत्काराला जाताना नातीला डायपर म्हणजे माझ्या शिकवण्याचा अपमान.)

साहेब चांगलं बोलले, तुमच्या भावाबद्दल तर फारच चांगलं बोलले. माझे डोळे भरून आले. मग माझं नाव पुकारलं आणि सगळ्या सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला.

सांची दचकली. मग तिने मान वर करून सगळीकडे बघितलं. ओळखीचीच माणसं, ओळखीच्याच टाळ्या. तिच्या हिशेबाने टाळ्या झाल्या होत्या आणि काम राहिलं होतं. आपल्या घराण्यात कुणी आधी कौतुक घेऊन काम बुडवलेलं नाही. ती मांडीवरून उतरली, मोकळी जागा बघून बसली आणि तिने काम केलं.

मी पदर घेऊन धावले, पण दृष्टी साऱ्यांची त्या ओघळाकडे होती. तो निघाला. दार चार पावलांवर होतं, तिकडे त्याने बघितलंही नाही. सरळ, सावकाश, फरशीच्या सांध्यांमधून भिंतीकडे निघाला. अख्खी वाडी श्वास धरून बघत होती, कारण इतकी वर्षं जे नुसतं तोंडी चाललं होतं त्याचा निकाल डोळ्यांसमोर लागत होता. ओघळ साहेबांच्या मोज्यापाशी पोचला आणि थांबला. मोजा पिवळा होत गेला. रामजीभाऊजी उठून उभे राहिले.

"बघा! मी काय म्हणत व्हतो? उतार उलटा हाय!"

आणि आक्का, मला काय झालं कोण जाणे. मी पदर तसाच हातात धरून म्हटलं, "उतार बरोबर हाय भाऊजी. खुर्च्या चुकीच्या जागी हायत."

रामजीभाऊजीच आधी हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, मला वाटतं त्यांनाही हे दिसले असतील, मला दिसले तसेच. मग सगळी सभा हसायला लागली आणि कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. मी "टाळ्या नको! टाळ्या नको!" म्हणून ओरडले, पण सांची पुन्हा बसली होती.

साहेब मनाचे मोठे. मोजे काढून त्यांनी खिशात घालायला घेतले, मग विचार करून तिथेच ठेवले, आणि अनवाणी पायांनी मला शाल दिली.

तर असं आहे. अश्वजित-सेजलला फोनवर एवढंच कळवलं की गर्दीला घाबरून पोरीची शू झाली. टाळ्यांचं सांगितलं तर सेजल मलाच शिकवायला बसेल. एकदा शिकली की पाठवून देते, मग माझीही सुटका. हातात पुस्तक घेतलं की हिला लागते, वाचनालयाच्या तिसऱ्या कपाटातलं एक पान पुढे सरकलेलं नाही. तुमच्या तब्येतीला जपा. मुलांना आशीर्वाद.

तुमची,
गीता

ता. क. पत्र प्रवीणच्या हाती पाठवते, तो पोलादपूरला भाडं घेऊन येतो आहे. तेलाची बाटली रिकामी झाली असेल तर त्याच्याकडे द्या. भरलेली असेल तर मला काही सांगू नका.

ता. क. दुसरा. वर जे लिहिलंय ते चुकून हृतिकच्या हाती पडलं तरी एकवेळ चालेल. हे मात्र तुमच्यापुरतं. सांची शिकली आहे. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून मी टाळ्या बंद केल्या आणि ती सगळं स्वतः सांगायला लागली. आता बदकही लागत नाही. मागच्या दारच्या संडासात जाते आणि मला म्हणते, "आजी, तू भायेर थांब." मी बाहेर थांबते. एकच खोट राहिलीय. परवा मी दोन्ही हातांनी डास मारला आणि ती होती तिथेच बसली.

रविवारी दोघं तिला बघायला येतायत. शिकली असेल तर घेऊन जाणार, नसेल तर शाळा पुढच्या वर्षी. आक्का, तुमचा भाऊ गेल्यावर लोक आले, बसले, अजूनही येतात. पण घरात हाक मारणारं कुणी नव्हतं. आता दिवसभर हाका चालू असतात, बहुतेक शूसाठीच, पण हाका असतात. पोर आईचीच आहे, ते मला कळतं. मी काही कायमची मागत नाही. एकच वर्ष.

म्हणून रविवारी जेवायला या. प्रवीण आणायला येईल. चहा झाला की सेजल म्हणेल, बघू तरी शिकली का. तेव्हा काहीतरी जुनं आठवून हसा आणि एक टाळी वाजवा. मी वाजवली तर पकडली जाईन, तुमच्यावर कुणी संशय घेणार नाही. कानाचं मशीन डबीतच असू द्या.

ता. क. तिसरा. आमच्या ओटीची फरशीही त्यांनीच घातलेली आहे. तुम्ही दाराकडे बसा. भिंतीकडची खुर्ची मी अश्वजितसाठी ठेवली आहे.